मध्यरात्रीची हाक आणि केडगावचा घाणा

दिवाळीत पणत्या लावताना घरातली म्हातारी माणसे हटकून बजावतात : तेल बघून घाला, मध्येच विझता कामा नये. ख्रिस्ती शास्त्रात जगाच्या अखेरीविषयी जे दाखले आहेत, त्यांतला सर्वांत गाजलेला दाखला नेमका याच काळजीचा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारी दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघतात. पाचजणींनी जास्तीचे तेल बरोबर घेतलेले असते, पाचजणींनी नसते. वराला उशीर होतो. मध्यरात्री हाक येते तेव्हा पाच दिवे विझू लागलेले असतात. त्या मुली तेल आणायला धावतात आणि परत येईतो मांडवाचे दार लागलेले असते.

या गोष्टीतली एक बारीकशी खूण सहज नजरेतून निसटते. डुलकी दहाहीजणींना लागली होती. झोपेबद्दल कुणालाच बोल लावलेला नाही. बोल आहे तो रिकाम्या बुधल्याला.

येशू पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि सर्वांचा न्याय होईल, ही जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांची श्रद्धा आहे. आपल्याकडेही प्रलय आहे, कल्की आहे. परंतु कलियुगाची वर्षे ४,३२,००० धरलेली असल्यामुळे आपल्याला कसलीच घाई नसते! ख्रिस्ती माणसाची गोष्ट वेगळी. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही असे त्याचे शास्त्र सांगते, म्हणजे तो आज रात्रीसुद्धा असू शकतो. मग आज संध्याकाळी काय करावे?

काहींना आकडेमोडीचा मोह आवरला नाही. अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने बायबलातल्या दानीएलाच्या ग्रंथावरून गणित मांडले, आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली. कित्येकांनी त्या वर्षी शेतातले पीकसुद्धा काढले नाही. जग बुडणार तर बटाटे कुणासाठी खणायचे? तेविसाव्या तारखेला सूर्य नेहमीसारखा उगवला. त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी पुढे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथ काढला. पुणेकरांना स्पायसर कॉलेजमुळे हे लोक माहीत आहेत. त्यांची प्रकाशनसंस्था सॅलिसबरी पार्कात असून तिच्या नावात ‘वॉचमन’, म्हणजे पहारेकरी, हा शब्द आहे. वाट पाहणे त्यांनी सोडले नाही. तारीख सांगणे मात्र सोडले, आणि शाळा व इस्पितळे काढली.

मला सांगायची आहे ती हकीकत पुणे जिल्ह्यातलीच आहे. पंडिता रमाबाईंनी वाट पाहण्याचा एक प्रकार लहानपणीच पाहिला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी दुष्काळात असलेनसले सारे तीर्थांत, दानांत आणि अनुष्ठानांत घालवले. देव पावेल या भरवशावर कुटुंब बसून राहिले. अंगमेहनतीचे काम कुणी शिकलेले नव्हते. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई आणि बहीण. शास्त्रीबुवांच्या भक्तीला खोटे म्हणण्याचे धाडस कुणी करू नये. आणि मुलीला संस्कृत विद्येच्या वाटेवर नेणारा तो बाप होता, हेही विसरू नये. पण नुसत्या वाट पाहण्यावर त्या मुलीचा विश्वास पुन्हा कधी बसला नाही, असे तिच्या पुढल्या आयुष्यावरून दिसते.

१८८३ साली इंग्लंडात वॉन्टेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले, पुढल्याच वर्षी ते पुण्यात आले, आणि १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. तो वाद वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यानंतरची एक लहानशी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचे शिबिर भरत असे. १८९०च्या दशकाच्या मध्यास रमाबाई तिथे आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या. पहाटे रानात प्रार्थना करताना त्यांनी देवाजवळ मागणे मागितले, की या पंधरांचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस! गणित इथेही होते. पण तारखेचे नव्हे, माणसांचे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मागितल्यापेक्षा जास्त मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले.

लोणावळ्याच्या त्या डोंगरांच्या दक्षिणेला मुळशी पेटा. जिल्ह्याच्या या टोकाला पाऊस कोसळतो, तर पूर्वेला केडगावकडे आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. १८९९-१९०० सालचा दुष्काळ पडला तेव्हा मुक्तीत सुमारे १,९०० माणसे होती. त्यांना पुरले ते तिथे खणलेल्या विहिरींचे पाणी. शेती होती, गोठा होता, माग होते, छापखाना होता. आंधळ्या मुलींसाठी बार्तमी सदन, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. आणि तेलाचा घाणा होता. दहा कुमारींचा दाखला तिथल्या मुलींनी ऐकला असेल तेव्हा तेल कुठून येते हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

त्याच पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. तिथे विचारले जाते ते इतकेच : भुकेल्याला खायला दिलेस का, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र? बुधल्यातले तेल म्हणजे काय यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. मला तरी त्याचा अर्थ त्याच अध्यायाच्या शेवटी सापडतो.

याचा अर्थ केडगावला नुसते कामच चाले असा नव्हे. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींचा गट जमवला. सुरुवातीला सत्तरएक होत्या, पुढे त्या पाचशेंवर गेल्या. २९ जूनला एका मुलीला आपण अग्नीने वेढलो आहोत असे वाटले, आणि पाहणारी दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असे तिथल्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रॅम्स यांनी लिहून ठेवले आहे. रडणे, पापांची कबुली, रात्ररात्र प्रार्थना, असे पुष्कळ दिवस चालले. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, आणि थोडे वाटू द्यावे. पण बादली घेऊन धावणारी ती मुलगी मला फार आवडते.

त्या काळी जगात अनेक ठिकाणी अशी जागृती झाली, आणि पुष्कळांनी तिला अखेरच्या दिवसांची खूण मानले. पॅलेस्टाइनात पेरणीचा पहिला पाऊस आणि दाणा भरणारा शेवटचा पाऊस, असे दोन पाऊस; हा शेवटचा पडतो आहे, म्हणजे कापणी जवळ आली, असे ते म्हणत. हस्ताच्या पावसावर रब्बीच्या ज्वारीची आशा धरणाऱ्या केडगावकराला ही उपमा चटकन कळावी. एब्रॅम्सबाईंनी १९०६ साली या विषयावर पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या एका मैत्रिणीला पाठवली, आणि तिथल्या पेन्टेकॉस्टल चळवळीला तिचा हातभार लागला. केडगावचे नाव असे महासागर ओलांडून गेले!

पुढे पुणे जिल्ह्यात एक अखेर खरोखरच आली. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण होऊ लागले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. शुभवर्तमानात येशू नोहाच्या जलप्रलयाची आठवण देतो : पाणी येईपर्यंत लोक खातपीत, लग्ने लावीत राहिले, त्यांना कळलेच नाही. मुळशीकरांना कळले होते. सेनापती बापटांच्या मागे ते तुरुंगात गेले, तरीही पाणी आलेच. १९२४ साली लढा संपला. गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. जागे राहणाऱ्याला दार उघडतेच असे इतिहास म्हणत नाही, हे इथे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे.

मुळशीत लढा चालू असताना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला रमाबाई थकत चालल्या होत्या. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. ज्या मुलीवर सारा संसार सोपवायचा, तीच आधी गेली. तरीही हातातले काम चालू होते. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावे अशा मराठीत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल उतरवीत होत्या. त्यासाठी त्या या भाषा उतारवयात शिकल्या होत्या. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. शेवटची मुद्रिते तपासायला दहा दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली, असे मुक्तीत सांगत आले आहेत. मुद्रिते तपासून झाली. ५ एप्रिल १९२२च्या पहाटे रमाबाई झोपेतच गेल्या. ग्रंथ केडगावच्याच छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला.