शोभा आणि सामर्थ्य : परंड्याच्या मलिक-ए-मैदान तोफेचा विचार

शस्त्र देखणे असावे की प्रभावी, हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न मध्ययुगीन शस्त्रनिर्मितीच्या अभ्यासातही उपस्थित होतो. धाराशिव जिल्ह्यातील परंडा किल्ल्यावर असलेली मलिक-ए-मैदान ही तोफ 1632 मध्ये विजापूरला नेण्यात आली. मुहम्मद बिन हसन रूमी याने ती 1549 मध्ये तत्कालीन अहमदनगर येथे निजामशाहीसाठी ओतली होती. वजन सुमारे 55 टन. नाव मैदानाचे असले तरी तिला मैदानात फिरविणे सोपे नव्हते. तोफेचे तोंड म्हणजे जबड्यात हत्ती चिरडणारा सिंह होय. या कलाकुसरीने गोळा हातभरही पुढे जात नाही. मग एवढे श्रम कशासाठी? पाहणाऱ्याच्या मनात धाक बसविणे हेही तोफेचेच कार्य होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 1686 मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने ती वितळविली नाही, तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरविला. केवळ माऱ्याचा हिशेब मांडणाऱ्यास या कृतीचा उलगडा होत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी तोच हिशेब मांडला. 1854 मध्ये निरुपयोगी वस्तू म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा सर्वोच्च बोली अवघी 150 रुपयांची आली. विक्री रद्द झाली म्हणूनच ती आज विजापूरच्या शर्झा बुरुजावर पाहावयास मिळते.