न्हाणीघरातला गालिचा : ब्रिटनच्या थंड घरांची एक कथा

१/ १९७० च्या दशकातील ब्रिटिश घरांच्या छायाचित्रांत एक दृश्य वारंवार भेटते. फिकट हिरवा टब, त्याच रंगाचे कमोड आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेला जाड गालिचा. उतार, मोरी आणि शहाबादी फरशीची सवय असलेल्या डोळ्यांना पहिला प्रश्न पडतो : पाणी जाते कुठे? ब्रिटिश न्हाणीघराच्या जमिनीला बहुधा मोरीच नसते. पाणी टबात राहील आणि जमीन कोरडी राहील, हे तिथले गृहीतक. गालिचा अंथरण्याचे धाडस त्यातूनच आले.

२/ ही कल्पना मात्र १९७० च्या दशकाची नव्हे. व्हिक्टोरियन काळातील सुखवस्तू माणूस शयनगृहातच, शेकोटीसमोर, सुट्या टबात स्नान करी. पुढे नळ आले तेव्हा एखाद्या खोलीचेच न्हाणीघर झाले आणि तिथले पडदे, लाकूडकाम, गालिचा जागच्या जागी राहिले.

३/ मग भीती आली. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) विषमज्वराने मरणाच्या दारी पोचला. स्कारबरो येथील ज्या हवेलीत तो उतरला होता, तिथलाच आणखी एक पाहुणा, चेस्टरफील्डचा अर्ल, त्याच तापाने दगावला. संशय हवेलीच्या सांडपाण्याच्या नळांवर गेला. राजपुत्राची ही गत, तर इतरांचे काय? त्यानंतरच्या दशकांत जंतुसिद्धान्त रुजला आणि न्हाणीघरातून कापड हद्दपार होऊ लागले. पांढरी टाइल, चिनी माती, लिनोलियम : पुसता येईल तेच ग्राह्य.

४/ असे असताना सत्तर-ऐंशी वर्षांनी गालिचा परतला कसा? इथे अभिरुचीची टिंगल करण्यापूर्वी थर्मामीटर पाहावा. १९५१ च्या जनगणनेनुसार ब्रिटनमधील सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे स्वतःचा कायम बसवलेला टब नव्हता. कित्येक घरांत पत्र्याचा टब चुलीसमोर ओढून आठवड्यातून एकदा स्नान होई. १९५९ च्या कायद्याने टब, वॉशबेसिन, गरम पाणी अशा सोयींसाठी अनुदान दिले आणि लाखो घरांत न्हाणीघर आले. ऊब मात्र आली नाही. १९७० मध्येही सेंट्रल हीटिंग जेमतेम एक तृतीयांश घरांत होते. १९६१ च्या पार्कर मॉरिस अहवालाने नव्या घरांतील स्वयंपाकघर आणि ये-जा करण्याच्या जागांसाठी सुचवलेले तापमान होते १३ अंश सेल्सियस, आणि ती सुधारणा मानली गेली! जानेवारीच्या सकाळी लिनोलियमवर अनवाणी पाय ठेवणाऱ्याला जंतुसिद्धान्त आठवत नाही.

५/ त्याच सुमारास गालिचा स्वस्त झाला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावात कॅथरीन इव्हान्स या मुलीने १८९५ च्या सुमारास हाताने गुच्छ टाचून एक पलंगपोस तयार केला. त्यातून घरोघरचा धंदा उभा राहिला. पुढे तेच टाचकाम यंत्रावर गेले आणि पलंगपोस, न्हाणीघरातली पायपुसणी अशा पायऱ्या चढत दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्ण खोलीच्या गालिच्यापर्यंत पोचले. विणण्यापेक्षा हे काम कितीतरी वेगवान. त्यात नायलॉनचा धागा आला. मागची बाजू बहुधा तागाची. ब्रिटनमध्ये ती डंडीच्या गिरण्यांतून येई आणि ताग बंगालचा.

६/ आता मूळ प्रश्न : न्हाणीघरासाठी हा गालिचा चांगला होता का? जमिनीचे आच्छादन म्हणून मुळीच नाही. नायलॉन वाळे, पण त्याखालचा ताग, फोमचा थर आणि लाकडी फळ्या ओल धरून ठेवत. कमोडच्या बुडाशी गालिचा कापून बसवलेला असे. तिथे काय झिरपे, हे सांगायला नको. थंडीमुळे खिडकी बंद, पंखा बहुधा नाही. बुरशीला आणखी काय हवे? त्यातच १९६४ मध्ये नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी घरातील धुळीच्या ॲलर्जीचा संबंध सूक्ष्म कोळीवर्गीय किड्यांशी जोडला. दमट, उबदार तंतू हे त्यांचे आवडते ठिकाण. तरीही पत्र्याच्या टबातून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीला तो गालिचा घाणेरडा वाटत नव्हता. ते सुबत्तेचे लक्षण होते, आणि पाय गारठत नव्हते.

७/ त्याचा अंतही आरोग्यप्रचाराने झाला नाही. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनभर उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूची जोडणी झाली, गॅसवरील सेंट्रल हीटिंग पसरत गेले आणि शतक संपता संपता दहांपैकी नऊ घरे उबदार झाली. शॉवरही रूढ झाला, तशी कोरड्या जमिनीची हमीच उरली नाही. टाइल परतली. गालिच्याचा उरलेला तुकडा आज टबाच्या कडेवर वाळत असतो : धुता येणारे पायपुसणे, डाल्टनच्या बायका पूर्वी करीत होत्या तसलेच.