'कुंकू', लाँगफेलो आणि कृष्णाखोरे : इंग्रजी साहित्य व चित्रपट यांच्या एकत्रित अध्यापनाची एक पूर्वपीठिका

प्रस्तावना :

इंग्रजी साहित्य आणि चित्रपट यांचा विद्यापीठीय पातळीवर एकत्र अभ्यास करावा, हा विचार ग्रामीण महाविद्यालयांत बहुधा बाहेरून आलेला मानला जातो. अभ्यासक्रम वरून येतो, त्याबरोबर शेक्सपिअरवरील परदेशी चित्रपटांची नावे येतात आणि उंब्रजसारख्या गावातील इंग्रजी विभाग ती नावे फळ्यावर लिहितो. उंब्रज हे सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील, तारळी व कृष्णा यांच्या संगमाजवळचे, पुणे–बंगळूर महामार्गावरील गाव. समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. या गावातील विद्यार्थ्याला इंग्रजी साहित्य दूरचे आणि चित्रपट जवळचा वाटतो. या दोहोंचा संबंध आपल्याच परिसरात केव्हा तरी जुळला होता, हे त्याला सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात हा संबंध ऐतिहासिक अंगाने तपासला आहे. त्यासाठी प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' (१९३७) हा चित्रपट मध्यवर्ती मानला आहे.

रंगभूमीवरील इंग्रजी :

चित्रपटापूर्वी नाटक होते. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कराड तालुक्यातीलच टेंभू या गावी झाला. 'हॅम्लेट'चे त्यांनी केलेले 'विकारविलसित' हे रूपांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. ते रंगभूमीवर गाजविले शाहूनगरवासी नाटक मंडळीने आणि त्यातील प्रमुख भूमिकेने गणपतराव जोशी यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. शाहूनगर म्हणजे सातारा, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. याच मंडळीने वासुदेव बाळकृष्ण केळकर यांचे 'त्राटिका' हे 'टेमिंग ऑफ द श्रू'चे रूपांतरही केले. केळकर फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. वर्गात इंग्रजी नाटक शिकविणारा प्राध्यापक तेच नाटक एका फिरत्या नाटक मंडळीसाठी मराठीत उतरवितो, ही घटना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणाला विचित्र वाटली नाही. आज मात्र तीस 'आंतरविद्याशाखीय' असे भारदस्त नाव द्यावे लागते.

कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की सांगलीजवळ हरिपूर लागते. गोविंद बल्लाळ देवल यांचे हे जन्मगाव (१८५५). 'ऑथेल्लो'वरून त्यांनी 'झुंझारराव' लिहिले. तेही नाटक इंग्रजी शिक्षणाचेच फळ होय. परंतु देवलांचे खरे महत्त्व 'शारदा' (१८९९) या नाटकात आहे. हे नाटक कोणत्याही इंग्रजी नाटकाचे रूपांतर नाही. पैशाच्या लोभाने वृद्धाच्या गळ्यात बांधली जाणारी अल्पवयीन मुलगी हा त्याचा विषय तत्कालीन समाजातून थेट उचललेला आहे. इंग्रजी नाटके पचविलेल्या लेखकाने इंग्रजी आधार सोडून दिल्यावर काय साधले, हे पाहावयाचे असेल तर 'झुंझारराव' आणि 'शारदा' शेजारी ठेवून वाचावीत.

बोलपटाच्या काळात 'हॅम्लेट' पडद्यावर आले ते सोहराब मोदी यांच्या 'खून का खून' (१९३५) या चित्रपटातून, म्हणजे उर्दू-पारशी रंगभूमीच्या मार्गाने. रंगमंचावरील प्रयोगच बव्हंशी कॅमेऱ्यासमोर उभा करणे, असे त्याचे स्वरूप होते. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या आणि १९३३ साली पुण्यास स्थलांतरित झालेल्या प्रभात कंपनीने इंग्रजी साहित्याशी जोडलेले नाते याहून वेगळे आहे, आणि अध्यापकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

'कुंकू' : एक मराठी कादंबरी आणि एक इंग्रजी कविता :

'कुंकू'ची कथा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेली आहे. आपटे यांचे दीर्घकाळ वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगाव येथे होते. ('पण लक्षात कोण घेतो'चे कर्ते हरि नारायण आपटे हे वेगळे. नावांच्या उलटापालटीमुळे विद्यार्थीच नव्हे, तर कित्येक लेखकही दोघांची गल्लत करतात.) प्रभातचा 'अमृतमंथन' (१९३४) हा चित्रपटही त्यांच्याच कादंबरीवरून निघाला. म्हणजे व्ही. शांताराम यांच्या ऐन बहरातील दोन महत्त्वाच्या चित्रपटांचे साहित्यिक मूळ उंब्रजपासून अवघ्या काही कोसांवर आहे.

कथानक 'शारदा'च्या वळणाचे आहे. पण जेथे 'शारदा' थांबते तेथून 'कुंकू' सुरू होतो. शारदेचे जरठाशी लग्न शेवटी लागत नाही. तिची सुटका इतरांच्या मध्यस्थीने होते. 'कुंकू'तील नीराचे लग्न मात्र फसवून लागलेले आहे. काकासाहेब हे विधुर, वयस्क वकील. घरात मोठा मुलगा, आत्या आणि सगळा जुना सरंजाम. विधी झाला म्हणून विवाह झाला, हेच नीरा नाकारते. घरात राहून ती पत्नीपण नाकारते आणि हा नकार जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर टिकतो. चाळीस वर्षांच्या अंतरात मराठी कथानकाची नायिका कोठून कोठे आली, हे एवढ्या तुलनेवरूनही कळते.

या नीराच्या तोंडी शांताराम यांनी एक इंग्रजी गाणे घातले. हेन्री वॉड्‌सवर्थ लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ' ही १८३८ सालची कविता शांता आपटे पडद्यावर इंग्रजीतूनच गातात. चित्रपटाचे संगीत केशवराव भोळे यांचे. इंग्रजी शाळांतून पाठांतरासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली, समीक्षकांनी पुढे उपदेशपर म्हणून बाजूला सारलेली ही कविता. साहित्याच्या वर्गात ती आज शिकविली गेली तर तिची सोपी लय आणि तिचा कर्मप्रवण आशावाद यांविषयी दोन वाक्ये बोलून अध्यापक पुढे जाईल. 'कुंकू'त मात्र तिचा अर्थ बदलतो. मुळात जीवन स्वप्नवत्‌ आहे या निराशेस तरुण मनाने दिलेले ते उत्तर आहे. येथे ते उत्तर परक्याच्या घरात कोंडलेली एक मुलगी देते. कवितेतील सर्वसाधारण 'मानव' येथे एकाएकी स्त्री होतो, मराठी होतो, विवाहित होतो. एकही शब्द न बदलता हे घडते. बदलतो तो फक्त बोलणारा आवाज आणि आजूबाजूचे घर. काव्यात 'वक्ता' कोण हे का महत्त्वाचे, हे शिकविण्यास याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि येथे थांबणे म्हणजे इंग्रजी कवितेस मुक्तिदात्रीचा मान देऊन मोकळे होणे ठरेल. चित्रपट तसे म्हणत नाही. नीराचा नकार गाण्यातून जन्मत नाही; तो आधीच उभा आहे, गाणे त्यास केवळ एक भाषा पुरविते. शेवटी तिची सुटका होते ती काकासाहेबांच्या आत्महत्येमुळे. पश्चात्तापदग्ध वृद्ध स्वतःहून दूर होतो आणि तिला मोकळी करतो. कर्तृत्वाचे गीत गाणाऱ्या नायिकेचे भवितव्य अखेर पुरुषाच्याच निर्णयाने ठरते, ही विसंगती चित्रपटात उरतेच. लाँगफेलोचा आशावाद आणि पटकथेचा शेवट यांत हा जो ताण आहे, तो वर्गात उघड चर्चेस आणावयास हवा. केवळ 'पुरोगामी चित्रपट' अशी चिठ्ठी लावून तो झाकू नये.

काही गोष्टी कादंबरीच्या पानावर येऊच शकत नाहीत. काकासाहेबांचे भिंतीवरील जुने घड्याळ, आरशासमोर स्वतःचे वय न्याहाळणारा त्यांचा चेहरा, केशवराव दाते यांनी शब्दांवाचून दाखविलेली शरम, या त्या गोष्टी होत. पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातील नैसर्गिक ध्वनींचा वापर हेही या चित्रपटाचे वैशिष्ट्य. घड्याळाची टिकटिक वार्धक्याची खूण होते. साहित्याच्या भाषेत हे प्रतीकच; पण ते वाचावयाचे नसून ऐकावयाचे आहे.

अध्यापनाचे दोन प्रवाह :

इंग्रजी अभ्यासाच्या परंपरेने चित्रपटास सहजासहजी जवळ केले नाही. केंब्रिजमध्ये एफ. आर. लीव्हिस व डेनिस टॉम्प्सन यांनी १९३३ साली लिहिलेले 'कल्चर अँड एन्व्हायर्न्मेंट' हे पुस्तक यांत्रिक करमणुकीविरुद्ध विद्यार्थ्याची तयारी करून घेण्यासाठीच होते. पुढे रेमंड विल्यम्स यांनी मायकेल ऑरम यांच्यासह 'प्रिफेस टू फिल्म' (१९५४) लिहून नाट्यपरंपरेचा विस्तार म्हणून चित्रपटाकडे पाहिले. जॉर्ज ब्लूस्टोन यांच्या 'नॉव्हेल्स इंटू फिल्म' (१९५७) या ग्रंथाने कादंबरी व चित्रपट ही दोन स्वतंत्र माध्यमे असल्याचे मांडले. भारतीय इंग्रजी विभागांनी यांपैकी लीव्हिस लवकर स्वीकारला, उरलेले फार उशिरा.

महाराष्ट्रात चित्रपटाचे शिक्षण विद्यापीठाबाहेर वाढले. प्रभातच्या पुण्यातील आवारातच १९६० साली शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ज्या भूमीवर 'कुंकू' चित्रित झाला तेथेच पुढे सतीश बहादुर यांनी चित्रपट रसास्वादाचे अध्यापन केले. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या परिश्रमाने जुन्या चित्रपटांच्या प्रती जमा होऊ लागल्या. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ची. एकाच दशकात, सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांच्या अंतरावर, या संस्था उभ्या राहिल्या. परंतु एका ठिकाणी चित्रपट आणि दुसऱ्या ठिकाणी साहित्य अशी वाटणी झाली. कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाने १९९३ साली चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा ही दरी देशात प्रथमच विद्यापीठाच्या चौकटीत भरून निघू लागली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या श्रेयांकाधारित अभ्यासक्रमात इंग्रजीसाठी 'साहित्य आणि चित्रपट' हा ऐच्छिक विषय आला. त्यात 'रोमिओ अँड ज्युलिएट' व त्यावरील झेफिरेली (१९६८) आणि बाझ लुहर्मन (१९९६) यांचे चित्रपट, बाप्सी सिधवांची कादंबरी व 'अर्थ' (१९९८), अमृता प्रीतम यांचे 'पिंजर' व २००३चा चित्रपट आणि इयान फ्लेमिंग यांची एक कादंबरी असा संच सुचविला होता. संच वाईट नाही. फाळणीवरील जोडी तर उत्तम आहे. पण त्यातील प्रत्येक चित्रपट हा कोणत्या तरी एका छापील ग्रंथाचे रूपांतर आहे. मूळ अगोदर, चित्रपट नंतर, आणि परीक्षेत प्रश्न 'निष्ठे'चा. ग्रामीण महाविद्यालयात या रचनेचा परिणाम ठरलेला असतो. ज्याचे इंग्रजी कच्चे तो विद्यार्थी पुस्तक बाजूस ठेवून चित्रपट पाहतो व उत्तर लिहितो. चित्रपट हा ग्रंथाचा सोपा पर्याय होतो. विषय आकर्षक म्हणून निवडला जातो आणि वाचन तेवढे सुटते. असे होणार असेल तर हा विषय न शिकविलेला बरा, असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

'कुंकू' या अडचणीतून वाट काढतो. येथे इंग्रजी कविता चित्रपटाची 'मूळ' नाही. ती चित्रपटाच्या आत आहे. चित्रपट पाहून कविता टाळता येत नाही, कारण गाण्याचा अर्थ लावण्यासाठी कविता ओळीओळीने वाचावीच लागते, आणि कोणती कडवी घेतली, कोणती सोडली हे ताडून पाहावे लागते. शिवाय मराठी कादंबरी, 'शारदा' आणि चित्रपट असा दुसरा तुलनेचा पट विद्यार्थ्याला स्वभाषेत उपलब्ध होतो. प्रभातने हाच चित्रपट 'दुनिया ना माने' या नावाने हिंदीतही काढला. त्यामुळे एकच प्रसंग दोन भाषांत पाहून संवादांच्या भाषांतराचा अभ्यास करता येतो. इतर गाणी हिंदी आवृत्तीसाठी नव्याने लिहावी लागली; लाँगफेलोचे गाणे तसेच राहिले. १९३७ साली गावोगावच्या प्रेक्षकांतील किती जणांना त्याचे शब्द कळले असतील, आणि न कळताही शांता आपटे यांच्या गाण्यातून त्यांना काय पोचले असेल, हा प्रश्न इंग्रजीच्या तासाला विचारता येतो. उंब्रज परिसरातील ज्यांच्या घरात जुनी माणसे आहेत आणि यात्रेतील तंबूत पाहिलेल्या चित्रपटांच्या आठवणी आहेत, त्या विद्यार्थ्यांना त्याचा शोध घरापासून सुरू करता येईल.