‘किंवा’ की ‘आणि’?

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सवातील जेवणाची नोंदणी संगणकावर घेण्याचे काम माझ्याकडे आले. १२ वर्षांखालील मुले आणि ६५ च्या वरचे आजी-आजोबा यांना जेवण मोफत होते. मी प्रोग्रॅममध्ये अट लिहिली : वय १२ पेक्षा कमी नसेल किंवा ६५ पेक्षा जास्त नसेल, तर पैसे घ्यावेत. वाचताना काही खटकते का? मलाही खटकले नाही. पण एकाच वेळी १२ च्या आतला आणि ६५ च्या पुढचा माणूस असूच शकत नाही. त्यामुळे अट सर्वांनाच लागू पडली आणि पाच महिन्यांच्या एका बाळालाही पूर्ण पानाचे बिल गेले! ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ हवा होता. दुरुस्ती एका शब्दाची. चेक परत पाठवण्यात मात्र दोन शनिवार गेले.

‘हे किंवा ते’ नाकारायचे, तर दोन्ही नाकारून मध्ये ‘आणि’ घालावा लागतो. हा नियम चौदाव्या शतकातील युरोपीय तर्कपंडितांना ठाऊक होता, पण आज तो ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावाने ओळखला जातो. हा गृहस्थ जन्माने मदुराईचा! वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते. १८०६ साली जन्मलेले हे मूल काही महिन्यांचे असतानाच इंग्लंडला गेले. एका डोळ्याची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. पुढे केंब्रिजमध्ये धर्मविषयक शपथेवर सही करायला त्याने नकार दिला आणि तिथली फेलोशिप हुकली. अशी शपथ न मागणाऱ्या लंडनच्या नव्या विद्यापीठात तो १८२८ साली, एकविसाव्या वर्षी, गणिताचा प्राध्यापक झाला.

१८४७ मध्ये त्याचे तर्कशास्त्रावरील पुस्तक निघाले. त्याच वर्षी जॉर्ज बूल या चांभाराच्या मुलाने तर्काचे बीजगणित मांडले. बूलची बेरीज मात्र आपल्या ‘की’सारखी होती : चहा की कॉफी, एकच काय ते सांगा. दोन्ही चालणारा ‘किंवा’ १८६४ मध्ये डी मॉर्गनचाच विद्यार्थी जेव्हन्स याने आणला. १९३७ साली क्लॉड शॅननने हेच बीजगणित विजेच्या स्विचांना लावून दाखवले, आणि तिथून ते संगणकात आले.

डी मॉर्गनचे भारताशी नाते जन्मापुरते राहिले नाही. दिल्लीच्या मास्तर रामचंद्रांनी महत्तम-लघुतमाची गणिते कॅल्क्युलसशिवाय, निव्वळ बीजगणिताने सोडवणारे पुस्तक १८५० मध्ये कलकत्त्यात छापले होते. डी मॉर्गनने खटपट करून, स्वतःची प्रस्तावना जोडून, ते १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवले.