व्हिडिओ गेमच्या खोक्यावरचा वयाचा शिक्का

व्हिडिओ गेमच्या खोक्यावर वय छापलेलं असतं. ते कुठून आलं, माहीत आहे का? 'मॉर्टल कॉम्बॅट'मधल्या रक्तपातावरून १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. कायदा येईल या धास्तीने गेम कंपन्यांनी १९९४ मध्ये स्वतःच 'ईएसआरबी' हे मंडळ स्थापन केलं. मंडळाचे परीक्षक कंपनीने पाठवलेली चित्रफीत पाहून वय ठरवत.

इथेच २००५ मध्ये गडबड झाली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'वर '१७ वर्षांपुढे' असा शिक्का होता. पण कंपनीने वगळलेला एक लैंगिक प्रसंग डिस्कमध्ये तसाच राहिला होता आणि एका डच प्रोग्रॅमरने तो उघडून दाखवला. शिक्का 'फक्त प्रौढांसाठी' झाला, मोठ्या दुकानांनी गेम विक्रीतून काढला. २००६ मध्ये रक्तपात आणि दडलेल्या अर्धनग्न चित्रामुळे 'ऑब्लिव्हियन'चं वयही १३ वरून १७ झालं. आता डिस्कमधला दडलेला भागही मंडळाला कळवावा लागतो.

पालकांनो, शिक्का जरूर वाचा. मात्र इंटरनेटवरून इतरांनी जोडलेले बदल आणि अनोळखी खेळाडूंच्या गप्पा त्यात धरलेल्या नसतात. म्हणून अधूनमधून मुलाशेजारी बसून गेम पाहा. काही खटकलं तर रागावू नका, त्याच्याशी मोकळेपणाने बोला.