घरातल्या वायफायची घडण

घरोघरी दिसणारा वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट मुळात घरासाठी बनलाच नव्हता. तो दुकानातल्या गल्ल्यासाठी होता. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये ९०० मेगाहर्ट्झ, २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे लहरींचे तीन पट्टे विनापरवाना संदेशवहनाला खुले केले. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी उपकरणे वापरत असलेल्या या पट्ट्यांना तोवर फारशी मागणी नव्हती. कॅश रजिस्टर बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला मात्र त्यांची गरज होती, कारण दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्याची वायर नव्याने ओढावी लागे. हॉलंडमध्ये उट्रेख्तजवळ तिच्या अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ हे बिनतारी जाळे तयार केले. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचा मेळ बसावा म्हणून आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेची ८०२.११ समिती कामाला लागली. एनसीआरचेच व्हिक हेस तिचे दहा वर्षे अध्यक्ष होते. १९९७ च्या पहिल्या मानकाचा वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट होता. १९९९ च्या ८०२.११बी मानकाने तो ११ वर नेला.

वायफायने घराचा उंबरठा ओलांडला तो त्याच वर्षी. जुलै १९९९ मध्ये अ‍ॅपलने आयबुक लॅपटॉपसोबत ‘एअरपोर्ट’ हा अ‍ॅक्सेस पॉइंट जाहीर केला. किंमत २९९ डॉलर, आकार बशीसारखा घुमटाकार. आत ल्यूसंट कंपनीचे वेव्हलॅन घराण्यातले कार्ड, ५६के मोडेम आणि इथरनेटची एक खाच. टेलिफोनची तार जिथे येते तिथे तो ठेवायचा, एवढीच अपेक्षा होती. पुढची वीस वर्षे लोकांनी राउटर दाराशेजारच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीमागे ठेवला, त्या सवयीचे मूळ इथे आहे. रेंजच्या अनेक तक्रारी त्या कोपऱ्यातूनच निघतात.

घरातल्या लहरींची खरी अडचण भिंती. लहर भिंतींवर आपटून अनेक वाटांनी पोहोचते आणि स्वतःच्याच प्रतिध्वनींत विस्कटते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत रेडिओ खगोलशास्त्रातून आलेल्या जॉन ओ’सलिव्हन यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर उपाय शोधला: माहिती अनेक संथ उपप्रवाहांत वाटून पाठवायची. २००९ च्या ८०२.११एन मानकाने तर एकाहून जास्त अँटेना वापरून या अनेक वाटांचाच वेग वाढवायला उपयोग केला. भिंतीत शोषली जाणारी लहर मात्र कोणतेही गणित परत आणत नाही. अमेरिकेतल्या लाकूड-जिप्समच्या घरांत चालणारा एकच राउटर आपल्याकडच्या विटा आणि आरसीसीच्या घरांत दुसऱ्या-तिसऱ्या खोलीत दम तोडतो, आणि ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ च्या आधी.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने घराबाहेरही विनापरवाना झाला आणि ब्रॉडबँडसोबत राउटर घराघरांत पोहोचले. कुलूप लावण्याची जाणीव मात्र उशिरा आली. डब्ल्यूईपी ही जुनी सांकेतिक पद्धत २००१ मध्येच फोडली गेली होती, तरी असंख्य जोडण्या बिनपासवर्डच्या होत्या. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे निघाले. तिथे राहणाऱ्याला नसत्या चौकशीला तोंड द्यावे लागले. त्यानंतर इथे वायफायचा पासवर्ड हा ऐच्छिक विषय राहिला नाही.

याच काळात बाजाराने चुकीचा रस्ता धरला: जास्त अँटेना, जास्त शक्ती, खोक्यावर मोठा आकडा. पण संवाद दुहेरी असतो. राउटरचा आवाज वाढवला तरी फोनचा क्षीण आवाज त्याला लांबून ऐकू येत नाही. कार्यालयांनी हे आधी ओळखले होते. तिथे छताला कमी शक्तीचे अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट बसवले जात, आणि २००३ च्या ८०२.३एएफ मानकानंतर एकाच इथरनेट केबलमधून त्यांना माहिती आणि १५.४ वॅटपर्यंत वीज दोन्ही देता येऊ लागली. छतापाशी प्लगची गरज उरली नाही. घरांसाठी हीच कल्पना २०१६ च्या सुमारास ईरो, गूगल वायफाय अशा ‘मेश’ संचांतून आली. मात्र त्यांत डब्या सहसा आपसांतही बिनतारीच बोलतात. एकच रेडिओ दोन्ही कामे करत असेल, तर पुढच्या डबीपाशी वेग साधारण निम्मा होतो.

२०१८ मध्ये वायफाय अलायन्सने ८०२.११एएक्सला सुटसुटीत ‘वायफाय ६’ नाव दिले. वायफाय ७ ची प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. हे आकडे वेगाची वरची मर्यादा सांगतात, भिंतीपलीकडे काय पोहोचेल ते नव्हे. त्यामुळे घराचे जाळे नव्याने उभारताना आधी जागा ठरवावी, मग डबी. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच. शेजारच्या दोन डब्यांना वेगवेगळे द्यावेत. आणि घराचे काम काढलेच असेल, तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक मजल्याच्या छतापर्यंत कॅट-६ केबलसाठी पाइप टाकून घ्यावा. अ‍ॅक्सेस पॉइंट पाच-सात वर्षांनी बदलतील, केबल तीच चालेल.