दहातला एक बोलतो : बेरिलियम-७, पाऊस आणि वाराणसीचे देवेंद्र लाल

देवेंद्र लाल यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९२९ रोजी वाराणसीत झाला. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील शिक्षण संपवून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पुढे विश्वकिरणांचे जगन्मान्य अभ्यासक झाले. त्यांच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक पावसाच्या पाण्याविषयी होते. विश्वकिरणांमुळे घडलेली बेरिलियमची समस्थानिके पावसाच्या पाण्यात असतात, हे सांगणारा शोधनिबंध गोयल, झा, लाल, राधाकृष्ण आणि रामा या पाच जणांनी १९५६ साली प्रसिद्ध केला. आदल्याच वर्षी अमेरिकेत अर्नोल्ड आणि अल-सालिह यांनी पावसात बेरिलियम-७ सापडल्याचे जाहीर केले होते.

पावसात मिसळलेले मूठभर अणू ओळखायचे कसे? याचे उत्तर अणुकेंद्रकाच्या एका विलक्षण वर्तनात आहे.

बेरिलियम-७च्या केंद्रकात चार प्रोटॉन आणि तीन न्यूट्रॉन असतात. ही मांडणी टिकाऊ नाही; एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. पॉझिट्रॉन बाहेर टाकून हे साधायचे, तर मूळ अणू आणि नवा अणू यांच्या ऊर्जेत किमान १,०२२ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक लागतो. बेरिलियम-७कडे केवळ ८६२ आहेत. मग ते दुसरी वाट धरते : आपल्याच भोवती फिरणारा एखादा इलेक्ट्रॉन, बहुधा सर्वांत आतल्या कक्षेतला, केंद्रक गिळून टाकते. प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, एक न्यूट्रिनो निसटतो आणि बेरिलियमचे लिथियम-७ होते.

असे घडू शकते, हे युकावा आणि साकाता यांनी १९३५ साली गणिताने दाखवले. लुई अल्वारेझ यांनी १९३७ साली व्हॅनेडियमच्या किरणोत्सर्गी समस्थानिकात त्याचा पुरावा मिळवला. गिळलेल्या इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन उतरताना जो क्ष-किरण सुटतो, तोच हा पुरावा. बेरिलियमसारख्या हलक्या अणूत मात्र हा मार्ग जवळजवळ बंद होतो. तेथे सुटणारी ऊर्जा इतकी क्षीण असते, की ती नमुन्यातच विरून जाते. न्यूट्रिनो तर सारी पृथ्वी भेदून निघून जातो.

येथे निसर्गाने एक फट ठेवली आहे. शंभरातील सुमारे नव्वद वेळा लिथियमचे केंद्रक थेट मूळ अवस्थेत जन्मते आणि गप्प राहते. उरलेल्या दहा वेळा, अचूक सांगायचे तर १०.४ टक्के वेळा, ते उत्तेजित अवस्थेत जन्मते. निमिषाच्याही अत्यल्प अंशात ते शांत होते आणि ४७८ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडते. रॉबर्ट्स, हेडेनबर्ग आणि लोचर यांनी १९३८ साली प्रयोगशाळेत बेरिलियम-७ ओळखले, ते गॅमा किरणांवरूनच. आजही पावसात, धुळीत वा मातीत ते याच खुणेने ओळखले जाते. मोजलेल्या प्रत्येक गॅमा किरणामागे न दिसलेले नऊ क्षय असतात. एकूण संख्या काढताना ते हिशेबात धरावेच लागतात.

त्या मूक बहुसंख्येनेही आपली साक्ष एकदा दिली. न्यूट्रिनो निसटताना लिथियमच्या केंद्रकाला बसणारा उलटा धक्का मोजावा, असे चीनमधील वांग गानचांग यांनी सुचवले. जेम्स ॲलन यांनी १९४२ साली बेरिलियम-७वर तसा प्रयोग केला आणि न्यूट्रिनोच्या अस्तित्वाला मोठे पाठबळ मिळाले.

लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दृष्टीने या अणूचे मोल वेगळे होते. विश्वकिरण वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजनची केंद्रके फोडतात, तेव्हा बेरिलियम-७ घडते. ते सूक्ष्म धूलिकणांना चिकटते आणि पावसाबरोबर खाली येते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५३ दिवसांचा आहे. म्हणून वरच्या हवेला जमिनीपर्यंत यायला किती काळ लागतो, हे मोजणारे ते घड्याळ ठरते. पुढे मातीची धूप अभ्यासणाऱ्यांनीही ते वापरले. अशा विश्वकिरणजन्य समस्थानिकांचे ज्ञान लाल आणि बर्नार्ड पीटर्स यांनी १९६७ साली एका विस्तृत लेखात एकत्र मांडले. त्यानंतर लाल १९७२ साली अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. १ डिसेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हे घड्याळ चालते, ते इलेक्ट्रॉन जवळ असल्यामुळे. अंतराळात प्रचंड वेगाने धावणाऱ्या बेरिलियम-७च्या केंद्रकाभोवती एकही इलेक्ट्रॉन उरलेला नसतो. गिळायलाच काही नसल्याने ते क्षय पावत नाही. तेच केंद्रक वातावरणात घडले आणि त्याला इलेक्ट्रॉनांची सोबत मिळाली, की त्याचे दिवस मोजले जाऊ लागतात.